परदेशातील अध्यापनाची नोकरी : काही अनुभव, काही पथ्ये

दरवर्षी माजी विद्यार्थी मेळाव्याच्या सुमारास आमच्या कार्यालयात एक प्रश्न हमखास येतो. विचारणारी मुले-मुली आता पस्तिशीच्या घरात पोहोचलेली असतात. बी.एस्सी., बी.एड. झालेले असते, टेटची परीक्षा दिलेली असते, पवित्र पोर्टलच्या यादीकडे डोळे लागलेले असतात आणि तोवर एखाद्या विनाअनुदानित शाळेत तुटपुंज्या मानधनावर शिकवणे चालू असते. प्रश्न असा असतो : “सर, बाहेरदेशी शिक्षकाची नोकरी खरोखर मिळते का? की सगळी फसवणूकच?”

नोकरी खरोखर मिळते. फसवणूकही खरोखर होते. या दोहोंतला फरक ओळखता यावा एवढ्यासाठीच हे टिपण आम्ही स्मरणिकेत देत आहोत.

प्रथम इंग्लंडचे पाहू, कारण तेथील नियम स्पष्ट आहेत आणि सर्वांस वाचावयास उपलब्ध आहेत. २०२३ च्या आरंभापासून इंग्लंडच्या शिक्षण विभागाने भारतासह आणखी काही देशांतील प्रशिक्षित शिक्षकांना तेथील ‘क्वालिफाइड टीचर स्टेटस’, म्हणजे पात्र शिक्षकाचा दर्जा मिळविण्याची वाट मोकळी केली. मात्र भारतीय शिक्षकांसाठी ही वाट अरुंद आहे. ११ ते १६ वर्षे वयोगटास गणित, विज्ञान किंवा भाषा शिकविण्याची पात्रता लागते. मान्य पदवी हवी, शिक्षक-प्रशिक्षण हवे, प्रशिक्षणानंतर किमान एका शालेय वर्षाइतका अध्यापनाचा अनुभव हवा आणि इंग्रजीची पातळी ‘बी टू’ इतकी सिद्ध करावी लागते. येथे ‘भाषा’ म्हटले तरी ती तेथील शाळांतून शिकविली जाणारी परकीय भाषा. मराठी किंवा हिंदी विषयाच्या शिक्षकाने त्यावर भिस्त ठेवू नये. केवळ बारावीनंतरचे डी.एड. असलेल्यांनाही हे दार उघडत नाही. आमच्या शाळेतून शिक्षकी पेशाकडे वळलेल्यांमध्ये इतिहास-मराठीवाले आणि डी.एड.वाले पुष्कळ आहेत. हे वाचून त्यांचा हिरमोड होईल, याची आम्हांस जाणीव आहे. पण आज नाही म्हणणे हे उद्या लाखभर रुपये घालवून कळण्यापेक्षा बरे.

या दर्जासाठी अर्ज करण्यास शुल्क नाही, ही गोष्ट ठळकपणे ध्यानात ठेवावी. “क्यूटीएस काढून देतो, ऐंशी हजार पडतील” असे सांगणारा मनुष्य फुकट मिळणारा अर्ज विकत असतो. दुसरे असे की हा दर्जा म्हणजे नोकरी नव्हे आणि व्हिसाही नव्हे. नोकरी तेथील शाळेने द्यावयाची असते, आणि त्या शाळेकडे परदेशी कर्मचारी बोलावण्याचा परवाना असेल तरच ‘स्किल्ड वर्कर’ व्हिसा मिळू शकतो. परवानाधारक संस्थांची यादी ब्रिटिश सरकार स्वतः प्रसिद्ध करते. शाळेचे नाव तीत आहे की नाही हे घरबसल्या पाहता येते. शिवाय नोकरी शोधून देण्याबद्दल उमेदवाराकडून पैसे घेणे तेथील एजन्सींना १९७३ च्या कायद्यान्वये मना आहे.

आखाती देशांची गोष्ट निराळी. तेथे भारतीय अभ्यासक्रमाच्या शाळा मोठ्या संख्येने आहेत. सीबीएसईशी संलग्न असलेल्या परदेशी शाळा दोनशेहून अधिक असून त्यांतील बहुतेक आखातात आहेत. या शाळांचे सत्र आपल्यासारखेच एप्रिलच्या सुमारास सुरू होते, म्हणून मुलाखती हिवाळ्यात होतात. ब्रिटिश अभ्यासक्रमाच्या शाळा सप्टेंबरला सुरू होतात. वेतनात या दोन प्रकारांमध्ये बरेच अंतर असते. आकडा ऐकून हुरळून जाऊ नये. घरभाडे कोण देणार, विमानाचे भाडे, वैद्यकीय विमा, सुट्टीच्या महिन्यांचा पगार, हे विचारल्याशिवाय तो आकडा अर्धवट असतो. घरभाडे स्वतःच्या पदरचे असेल तर गावी पाठवावयास किती उरेल, याचा हिशेब कागदावर मांडावा. मालदीवमध्येही भारतीय शिक्षक वर्षानुवर्षे शिकवीत आहेत. तेथे लहान बेटावरचे एकाकीपण सोसण्याची तयारी लागते, विशेषतः कुटुंब मागे ठेवून जाणाऱ्यास. केंद्रीय विद्यालयांच्या काठमांडू, मॉस्को व तेहरान येथेही शाळा आहेत, परंतु तेथे मुख्यतः संघटनेतील कायम शिक्षकांचीच प्रतिनियुक्ती होते.

आता कागदपत्रांविषयी. आमच्या अनुभवात पात्रतेपेक्षा कागदांपाशीच अधिक जण अडतात, आणि ही अडचण आपल्या लोकांच्या बाबतीत थोडी विशेष आहे. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर एक आडनाव, पदवीवर दुसरे, पासपोर्टवर तिसरे. कोणी धर्मांतरानंतर किंवा पुढे समजून उमजून आडनाव बदलले, कोणाचे गावच्या मास्तरांनी चुकीचे लिहिले, मुलींचे लग्नानंतर बदलले. त्या बदलामागे मोठा अर्थ आहे. परंतु परदेशातील कार्यालयास तो ठाऊक नसतो, त्यास केवळ दोन वेगळी माणसे दिसतात. राजपत्रातील नावबदलाची प्रत नसेल तर ती आजच काढून ठेवावी. पदवी व बी.एड.ची प्रमाणपत्रे आधी राज्य शासनाकडून आणि नंतर परराष्ट्र मंत्रालयाकडून साक्षांकित करून घ्यावी लागतात. ॲपोस्टील करारातील देशांना मंत्रालयाचा तो शिक्का पुरतो. भारत या करारात २००५ पासून आहे. संयुक्त अरब अमिरातीसाठी मात्र पुढे त्यांच्या दूतावासाचेही साक्षांकन लागते. पोलीस पडताळणीचा दाखला पासपोर्ट सेवेतून मिळतो.

अनुभवाचा दाखला हे आणखी एक दुखणे. ज्या शाळेत पगारपत्रकावर सही एका रकमेची आणि हातात रोखीने दुसरीच रक्कम, तेथे सहा वर्षे शिकवूनही बँकेच्या खात्यावर काहीच दिसत नाही. परदेशी शाळा दाखल्यावर विसंबून राहत नाही, आधीच्या शाळेकडे थेट चौकशी करते. म्हणून चालू नोकरीतच नियुक्तिपत्र, हजेरी, वेळापत्रक, निकालपत्रके यांच्या प्रती जपाव्यात, आणि मुख्याध्यापकांशी दुरावा घेऊन शाळा सोडू नये. हे सांगणे सोपे आहे, हे आम्ही जाणतो.

तीन वर्षांपूर्वी आमची एक माजी विद्यार्थिनी, भौतिकशास्त्राची शिक्षिका, आखातातील एका शाळेचे ऑफर लेटर घेऊन आमच्याकडे आली. पेढे घेऊन आली होती. एका एजंटाने एक लाख वीस हजार घेतले होते. त्यातले साठ हजार आईच्या पाटल्या गहाण ठेवून उभे केलेले. आम्ही ते पत्र पाहिले. मुलाखत झालीच नव्हती. पत्त्यातला ई-मेल शाळेचा नसून कोणालाही फुकट मिळणारा होता. आणि जाणे पर्यटक व्हिसावर, “तिकडे गेल्यावर बदलून मिळेल” या आश्वासनावर. आम्ही त्याच वेळी तिच्यासमोर त्या शाळेच्या संकेतस्थळावरील क्रमांकावर फोन लावला. तेथे असे पद निघालेलेच नव्हते.

पेढ्यांचा पुडा टेबलावर तसाच राहिला. त्या दिवशी आम्हांस स्वतःचीच लाज वाटली. कारण बारा वर्षे आपल्या वसतिगृहात वाढलेली मुलगी पैसे देण्याआधी आमच्याकडे का आली नाही, याचे उत्तर आमच्याजवळ नव्हते.

भारतातून परदेशी नोकरीसाठी माणसे पाठविणाऱ्या एजंटास १९८३ च्या उत्प्रवास कायद्यान्वये नोंदणी बंधनकारक आहे. नोंदणीकृत एजंटांची यादी केंद्र सरकारच्या ई-मायग्रेट संकेतस्थळावर आहे. सेवाशुल्काची मर्यादा ३०,००० रुपये अधिक जीएसटी अशी आहे, आणि त्याची पावती मिळालीच पाहिजे. संयुक्त अरब अमिरातीच्या कायद्यानुसार तर भरतीचा खर्च कामगाराकडून वसूल करणे मालकास मना आहे. त्या मुलीचा एजंट यादीत नव्हता. पावती नव्हती, पण पैसे बँकेतून गेले होते, आणि तेवढाच पुरावा उपयोगी पडला. पोलिसांत तक्रार व चार महिने हेलपाटे घातल्यावर सत्तर हजार परत आले. पाटल्या सुटल्या. उरलेले पन्नास हजार गेले ते गेलेच.

पुढच्या वर्षी तिने स्वतःच अर्ज केले. नावबदलाचे राजपत्र काढण्यात दोन महिने गेले, इंग्रजीच्या परीक्षेला ती दुसऱ्या खेपेस उत्तीर्ण झाली, तीन शाळांनी ऑनलाइन मुलाखतीत वीस मिनिटांचा नमुना पाठ घ्यावयास लावला आणि दोघांनी नकार कळविला. तिसऱ्या शाळेने करारपत्र पाठविले, ते तिने सही करण्यापूर्वी आमच्याकडे आणले. आम्ही दोघा शिक्षकांनी बसून ते ओळीओळीने वाचले. नोकरी मध्येच सोडल्यास किती रक्कम परत द्यावी लागेल, हे त्यात चौथ्या पानावर होते. ते तिने शाळेस विचारून कमी करून घेतले.

आता आमच्या कार्यालयात दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी सकाळी दहा ते एक या वेळेत माजी विद्यार्थ्यांची अशी पत्रे व करार वाचून दिले जातात. मूळ कागदपत्रे आणू नयेत, प्रती आणाव्यात. आणि पैसे भरण्यापूर्वी यावे.