वितळलेली काच सहा मिलिमीटरवर का येते?

प्रश्न : घरच्या छोट्या भट्टीत फ्यूज्ड ग्लासचं काम सुरू केलं आहे. ३ मिमी काचेचा एक चौकोन पूर्ण वितळवला, तर बाजू आत ओढल्या गेल्या, कडांना बारीक काटे आले आणि मध्ये बुडबुडा फुटून भोक पडलं. जाड काच आणावी का?

उत्तर : नवी काच आणू नका, आहे त्याच काचेचे दोन थर लावा. शीटच्या जाडीचा विचार नंतर करा. भट्टीतून निघणारी वस्तू किती जाड हवी, हे आधी ठरवा.

८०० अंश सेल्सिअसच्या आसपास काच वाहू लागते. गुरुत्वाकर्षण तिला पसरवतं, पृष्ठताण तिला गोळा करतो. या ओढाताणीचा तोल साधारण ६ मिमी जाडीला साधतो. त्याहून पातळ काच कडांकडून आत सरकते आणि मधे पातळच राहते. खाली कोंडलेली हवा तिथूनच फुटून निघते. खिडकीची काच वितळलेल्या कथिलावर तरंगवून बनवतात. तिथेही मोकळी सोडलेली काच सहा-सात मिलिमीटरवरच थांबते. पातळ हवी तर ओढावी लागते.

फ्यूजिंगच्या शीट बहुतेक ३ मिमीच्या मिळतात, म्हणजे दोन थरांत हिशेब जुळतो. २ मिमीची असेल तर तीन थर लावा. नक्षीच्या तुकड्यांनी वरचा निम्माच भाग झाकला, तर सरासरी जाडी साडेचार मिमी होते आणि बाजू थोड्या आत येणारच. उरलेल्या जागेत पारदर्शक काच भरून घ्या.

तीन-तीन मिमीचे तीन थर लावलेत, तर काच बाहेर पसरेल आणि चौकोनाचे कोपरे गोलावतील. अशा वेळी भोवती बांध हवाच. थंड करायलाही धीर लागतो : जाडी दुप्पट झाली की थंड होण्याचा वेग सुमारे चौपट कमी ठेवावा लागतो, नाहीतर आत ताण राहून काच तडकते.

काच न वितळवता साच्यावर नुसती वाकवायची असेल, तर तापमान बरंच कमी असतं. तिथे ३ मिमीचा एक थरही चालतो.

एक पथ्य मात्र नेहमी पाळा. सगळे थर सारख्या प्रसरणाच्या काचेचे घ्या. खिडकीची काच आणि फ्यूजिंगची रंगीत काच एकत्र भाजली, तर जाडी कितीही अचूक असली तरी जोड टिकत नाही.