सीमापार दूरचित्रवाणी आणि मराठी भाषक : रुआबांध्यावरून एक विचार

दूरचित्रवाणी केंद्राला दोन सीमा असतात. एक भौतिक, मनोऱ्यावरून निघालेल्या लहरी जिथवर पोचतात तिथवरची. दुसरी प्रशासकीय, ज्या राज्यासाठी अथवा राष्ट्रासाठी केंद्र उभारले जाते त्याची. या सीमा परस्परांशी जुळत नाहीत, तेव्हा सीमापार प्रेक्षक निर्माण होतो. लाहोर व अमृतसर हे याचे सर्वपरिचित उदाहरण होय. लाहोर केंद्र नोव्हेंबर १९६४ मध्ये सुरू झाले, अमृतसरचे १९७३ मध्ये. दोन शहरांत अंतर सुमारे ५० किलोमीटरांचे. लाहोरची उर्दू नाटके अमृतसरात, तर अमृतसरहून दाखविले जाणारे हिंदी चित्रपट लाहोरात पाहिले जात. ही ये-जा दुहेरी होती, हे येथे विशेष ध्यानात घ्यावयास हवे.

मराठीच्या बाबतीत प्रश्न उलट होता. मुंबई केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले आणि पुढील वर्षी सिंहगडावरील प्रक्षेपकामुळे पुण्यास दिसू लागले. परंतु मराठी भाषकांची वस्ती मनोऱ्यांच्या टापूत मावणारी नव्हती. छत्तीसगढात भोसल्यांच्या अमलापासून मराठी कुटुंबे होती. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपर्यंत हा प्रदेश आणि विदर्भ एकाच प्रांतात होते. १९५५ च्या सोव्हिएत करारानंतर भिलाईस पोलाद कारखाना उभा राहिला आणि देशभरातून कामगार आले. त्यांत मराठी भाषकही होते. रुआबांधा हा त्याच नगरीचा भाग. मुंबईपासून लोहमार्गाने तो सुमारे ११०० किलोमीटर दूर.

छत्तीसगढात दूरचित्रवाणी आली ती प्रथम उपग्रहावरून आणि खेड्यांत. ऑगस्ट १९७५ ते जुलै १९७६ या काळात अमेरिकेकडून मिळालेल्या उपग्रहाच्या साहाय्याने सहा राज्यांतील सुमारे २४०० खेड्यांसाठी शैक्षणिक प्रयोग झाला; रायपूर परिसर त्यात होता. प्रक्षेपणाच्या भाषा हिंदी, ओडिया, तेलुगू व कन्नड. महाराष्ट्र त्या सहांत नसल्याने मराठीला स्थान नव्हते. १९७७ मध्ये रायपूरला प्रक्षेपक आला, तोही हिंदीचा. पुढे रविवारी दुपारी दाखविला जाणारा एखादा प्रादेशिक चित्रपट वगळता येथील मराठी घरांना पडद्यावर आपली भाषा क्वचितच ऐकू येई. भाषा राज्याशी जखडली गेली, आणि राज्याबाहेरचा भाषक प्रक्षेपणाच्या हिशेबातून गळाला.

ही कोंडी उपग्रहानेच फोडली. १९९४ मध्ये दूरदर्शनची मराठी उपग्रह वाहिनी सुरू झाली. २००० मध्ये तिला ‘सह्याद्री’ हे नाव मिळाले. १९९९ मध्ये ‘अल्फा मराठी’ आली, २००० मध्ये ‘ई टीव्ही मराठी’. या शेवटच्या वाहिनीचे केंद्र तर हैदराबादेत होते. म्हणजे प्रेक्षकांबरोबर केंद्रानेही राज्यसीमा ओलांडली.

तरीही लाहोर-अमृतसरची दुहेरी वाट येथे उघडली नाही. मराठी वाहिन्यांची प्रेक्षकसंख्या मोजताना महाराष्ट्र-गोवा हीच बाजारपेठ धरली जाते. रुआबांध्याचा प्रेक्षक पाहतो, पण मोजला जात नाही. जो मोजला जात नाही, त्याच्यासाठी कथा लिहिली जाण्याचे कारण उरत नाही. मुंबई-पुण्याची मराठी भिलाईस येते. हिंदी व छत्तीसगढीच्या सहवासात वळण घेतलेली भिलाईची मराठी परत जात नाही.

या संदर्भात माधवराव सप्रे यांचे स्मरण उचित ठरेल. मराठीभाषक सप्रे यांनी १९०० मध्ये पेंड्र्याहून ‘छत्तीसगढ मित्र’ हे हिंदी मासिक काढले. पुढे ‘दासबोध’ आणि ‘गीतारहस्य’ हिंदीत नेले. सीमेवरचा माणूस तेथे नुसता ग्राहक नव्हता, दोन भाषांमधला कर्ता होता. बृहन्महाराष्ट्राच्या वाङ्मयीन इतिहासाने म्हणूनच केवळ प्रक्षेपण कोठवर पोचले हे नोंदवून थांबू नये. तेथून काय परत आले, हेही विचारले पाहिजे. आवाज पोचणे म्हणजे संवाद घडणे नव्हे.