चरबीची गाठ: लायपोमा

कातडीखालच्या चरबीच्या थरात एखाद्या ठिकाणी चरबीच्याच पेशी वाढून त्यांचा गोळा बनतो, तेव्हा त्याला चरबीची गाठ किंवा लायपोमा म्हणतात. सूक्ष्मदर्शकाखाली या पेशी अंगावरच्या इतर चरबीसारख्याच दिसतात. गोळ्याभोवती पातळ वेष्टन असते, एवढाच काय तो फरक. साधारण शंभरात एकाला अशी गाठ असते. ती बहुधा चाळिशी-पन्नाशीत लक्षात येते. मान, खांदा, पाठ, दंड आणि मांडी या तिच्या नेहमीच्या जागा.

तिचे कारण पुरते उलगडलेले नाही. काही घराण्यांत बाप-लेकांच्या दंडांवर सारख्याच गाठी दिसतात, आणि अनेक गाठींतील पेशींच्या बाराव्या गुणसूत्रात बदल आढळतात. तेलकट-तुपकट खाण्याचा दोष मात्र तिच्या माथी उगाच मारला जातो. सडपातळ माणसांनाही ती होते, आणि उपासतापास करून वजन उतरले तरी ती ओसरत नाही. उलट आजूबाजूची चरबी झडल्याने अधिकच उठून दिसते. सुश्रुतसंहितेत मेदोज ग्रंथी, म्हणजे चरबीची गाठ, शरीराबरोबर वाढते आणि घटते असे म्हटले आहे. ती फारशी दुखत नाही, हे तिथले निरीक्षण आजही लागू पडते. घटण्याचे मात्र अनुभवाला येत नाही.

ओळख पटते ती बोटांनी. गाठ मळलेल्या कणकेसारखी मऊ लागते, वरची कातडी तिच्यावरून सहज सरकते आणि कडेला बोट दाबले की ती निसटते. दुखत नाही, लाल होत नाही, वर्षानुवर्षे जवळपास तेवढीच राहते. तिच्यासारख्या दिसणाऱ्या गोष्टी मात्र पुष्कळ. मध्यभागी काळा ठिपका असलेली, कातडीला चिकटलेली आणि दाबल्यावर दुर्गंधी पांढरा लगदा सोडणारी गाठ म्हणजे सिस्ट. गरम, ठणकणारी गाठ म्हणजे बेंड. मानेत किंवा काखेत आलेले अवधाण, आणि आपल्याकडे विसरून चालणार नाही अशी क्षयाची गंडमाळ, यांचे उपचार अगदीच निराळे. जांघेतली गाठ खोकल्यावर फुगत असेल तर तो हर्निया असू शकतो. स्तनातली गाठ तर हाताला कितीही मऊ लागो, तिची तपासणी व्हायलाच हवी.

लायपोमाचा कर्करोग होणे जवळजवळ घडतच नाही. लायपोसार्कोमा हा चरबीचा कर्करोग सहसा मुळातच वेगळा उगवतो. गाठ ५ सेंटिमीटरपेक्षा मोठी असणे, महिन्या-महिन्याला वाढणे, घट्ट किंवा खोल स्नायूत रुतलेली असणे, नव्याने दुखू लागणे किंवा काढल्यावर पुन्हा येणे, यांपैकी काहीही असेल तर सोनोग्राफी, आणि गरज पडल्यास एमआरआय व तुकडा तपासणी करावी लागते. दुखणे म्हणजे कर्करोगच असे नाही. रक्तवाहिन्यांचे जाळे असलेला अँजिओलायपोमा निरुपद्रवी असूनही दुखतो. लहान मुलाच्या कमरेवर, पाठीच्या कण्याच्या रेषेत असलेल्या चरबीच्या गाठीला एमआरआयशिवाय सुरी लावू नये, कारण तिचे टोक कधीकधी आत मज्जारज्जूपर्यंत पोचलेले असते.

निदान पक्के झाले की बहुतेक गाठींना उपचार लागत नाही. लेप, चुना, चोळणे यांनी ती विरघळत नाही. डाग दिल्याने तर जखम होते आणि गाठ जागच्या जागी राहते. पट्ट्याखाली घासते, नसेवर दाब देते किंवा दिसायला नकोशी वाटते, म्हणून ती काढता येते. लहान गाठीला तेवढ्या भागापुरती भूल पुरते, छोटा छेद घेऊन ती वेष्टनासह बाहेर काढतात आणि रुग्ण त्याच दिवशी घरी जातो. लायपोसक्शनमध्ये व्रण लहान राहतो, पण वेष्टन मागे उरले तर गाठ परत येऊ शकते. काढलेली गाठ पॅथॉलॉजी तपासणीला पाठवण्यास सांगावे आणि तो अहवाल जपून ठेवावा.