आडोसा तुला हवा, बिबट्याला नको

अगं, नवं घर झालं, आनंद आहे. पण न्हाणीसमोर शेजारच्यांची खिडकी, दोरीवरचे कपडे रस्त्यावरून दिसतात, आणि नर्सरीवाला रोज नवं रोप पुढे करतो. डोकं फिरणारच. घाबरू नकोस. अंगण लहान आहे ना, मग निवडही लहानच आहे.

खरं सांगू का, आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीत कुंपणाची परीक्षा पावसाळ्यात होत नाही, मे महिन्यात होते. आपलं जंगल पानगळीचं. उन्हाळ्यात साग उघडा पडतो, आणि नेमकं तेव्हाच आपण संध्याकाळी अंगणात बाजा टाकतो. म्हणून नर्सरीत एकच विचार, "हे सेहेचाळीस-सत्तेचाळीस डिग्रीत हिरवं राहील का?"

माझं पहिलं मत कोयनेलला. उन्हाला दाद देत नाही, कात्री सोसते, बकरी सहसा तोंड लावत नाही. भरपूर ऊन असेल तिथे तेच लाव. भिंतीच्या सावलीच्या बाजूला अडुळसा बरा. त्यालाही बकऱ्या टाळतात आणि फांदी खोचली तरी जगतो. पुढच्या दाराशी कुंती लाव. हळू वाढते, पण पावसाची सर येऊन गेली की पांढऱ्या फुलांचा वास घरभर येतो. मेंदी काटक आहे, हातालाही कामी येते, मात्र फार ताण पडला तर पानं गाळते, तेव्हा उन्हाळ्यात तिला पाणी चुकवू नकोस.

आता नको ते ऐक. घाणेरी फुकट मिळते म्हणून आणू नकोस, तिनं आधीच आपलं जंगल व्यापलंय. कण्हेर आणि बिट्टी दिसायला छान, पण विषारी. घरात रांगतं मूल आहे, तेव्हा दोन्ही नकोच. कोनोकार्पस झरझर वाढतो म्हणून कुणी गळ्यात मारेल, तर गुजरात सरकारनं २०२३ मध्ये त्याच्या लागवडीवर बंदी घातली एवढं लक्षात ठेव. आणि बांबू आपल्या मातीतला असला तरी कटांगाचं काटेरी बेट लहान अंगणात मावत नाही गं.

सगळ्यात महत्त्वाचं आता सांगते. २०२२च्या सुरुवातीला चंद्रपूरच्या दुर्गापूर-ऊर्जानगर भागात वाघ-बिबट्याच्या हल्ल्यांत माणसं गेली. ही वस्ती शहराला लागूनच आहे, बघ. बिबट्याला दडायला दाट झुडूप पुरतं. म्हणून कुंपण खांद्यापेक्षा उंच जाऊ देऊ नकोस, आणि जमिनीपासून फूटभर खोडं मोकळी ठेव, म्हणजे पलीकडचं दिसतं. तेवढ्या जागेत कोंबड्या अडवायला बारीक जाळी लाव. सांदवाडीच्या बाजूला रात्री दिवा असू दे. बसलेल्या माणसाला आडोसा मिळतो आणि जनावराला दडायला जागा उरत नाही.

लावायची घाई उन्हाळ्यात करू नकोस. मृगाचा पाऊस नीट मुरला की फूटभर रुंद, फूटभर खोल चर खण, शेणखत आणि थोडी लिंबोळी पेंड मिसळ. कोयनेल, मेंदी फूट-फूट अंतरावर, कुंती दीड-दोन फुटांवर. वरोरा-भद्रावतीकडची काळी माती असेल तर पाणी साचतं, तिथे वरंबा करून त्यावर लाव. भिंतीला चिकटवू नकोस, दोन हात जागा सोड, नाहीतर छाटायला शेजारच्यांची परवानगी मागत बसशील. रोप दीड फुटाचं झालं की शेंडा खुड. हात धजावत नाही, कळतं मला, पण खुडल्याशिवाय ते भरत नाही. मोठी छाटणी पावसाळ्यातच कर. एप्रिल-मेमध्ये कात्री लावलीस तर आतली कोवळी पानं करपतील. त्या दिवसांत रोज शिंपडण्यापेक्षा चार-पाच दिवसांनी मुळापर्यंत मुरेल असं पाणी दे. बुंध्याशी धानाच्या तणसाचा पातळ थर घाल. ढीग मात्र करू नकोस, त्यात साप-विंचू बसतात. घुग्घुस-बल्लारपूरकडे घर असेल तर कोळशाची धूळ पानांवर बसते, अधूनमधून पाण्यानं धुऊन काढ.

कुंपण भरायला दोन पावसाळे लागतील. तोवर काय, म्हणशील. बुरडाकडून बांबूच्या ताट्या विणून घे आणि न्हाणीपुढे उभ्या कर. त्यावर वाल, दोडका चढव. आडोसाही होईल, भाजीही होईल.

सगळ्या बाजू एकदम करायच्या नाहीत, बरं का. जिथून सगळ्यात जास्त नजर येते ती बाजू यंदा, बाकीच्या पुढच्या वर्षी. इतकं घर उभं केलंस, एक कुंपण तुला जड नाही. आता उठ, टेप घे आणि न्हाणीपुढची भिंत मोज. किती फूट आहे ते कळव, रोपं किती घ्यायची ते मी सांगते.