यंत्राआधीचा पाइप

पुण्याजवळच्या चांदे-नांदे भागात नवीन घरात सामान लागायच्या आधी पाणी शुद्ध करायचं आरओ यंत्र भिंतीवर चढतं. ते योग्यच आहे. इथे ग्रामपंचायतीच्या नळाचं पाणी, बोअरचं पाणी आणि उन्हाळ्यात टँकरचं पाणी, असं तिन्ही एकाच घरात येतं. बोअरच्या पाण्याने तोट्यांवर पांढरी खरपुडी धरते, डाळ शिजता शिजत नाही. यंत्र हवंच. पण ते कोण बसवतंय, हे कुणी विचारत नाही. आमच्या घरात जे घडलं ते त्यातूनच, म्हणून सविस्तर सांगते.

यंत्रासोबत बसवणूक फुकट होती. दुकानाकडून आलेल्या मुलाने आधी प्रयोग करून दाखवला: पेल्यात आमचं पाणी घेतलं, त्यात विजेच्या दोन कांड्या बुडवल्या, आणि बघता बघता पाणी तांबूस-काळं होऊन वर गाळ आला. सासूबाई घाबरल्या. खरं तर तो गाळ कांड्यांच्या लोखंडाचा असतो. पाण्यात क्षार असले की वीज वाहते, लोखंड झिजतं आणि गंज तरंगतो. आरओच्या पाण्यात क्षार फारच कमी असल्यामुळे ते तसंच नितळ राहतं. रोगजंतूंशी या प्रयोगाचा काडीचाही संबंध नाही.

मग त्याने जोडणी केली. ओट्याखाली आमच्याकडे दोन पाइप आहेत, एक ग्रामपंचायतीच्या नळाचा आणि एक बोअरचा. बोअरच्या लाइनवर प्रेशर पंप आहे. नळाला पाणी नसलं तरी यंत्र बंद पडू नये, म्हणून त्याने दोन्ही पाइप एका टी-जोडाने एकत्र केले आणि तिथून यंत्राला नळी दिली. मध्ये ना कॉक, ना उलटं पाणी अडवणारा एनआरव्ही. यंत्र सुरू झालं, पाणी गोड लागलं, सगळे खूश.

पावसाळा लागला आणि घरात एकापाठोपाठ एक सगळ्यांची पोटं बिघडली. प्यायला तर यंत्राचंच पाणी होतं. डॉक्टरांनी पाणी तपासायला सांगितलं. आमच्या ओळखीच्या एका ताईंनी पाणी तपासणीचं प्रशिक्षण घेतलं आहे. त्यांच्याकडच्या छोट्या बाटल्यांत आम्ही तीन ठिकाणचं पाणी भरून ठेवलं. यंत्राच्या पाण्याची बाटली तशीच राहिली. बोअरची काळी पडली, म्हणजे पाणी दूषित. आणि ओट्यावरच्या नळाची, ज्या नळाने आम्ही कोथिंबीर धुतो, चूळ भरतो, पोळ्यांची कणीक भिजवतो, तीही काळी पडली.

मग ओळखीतून एक परवानाधारक प्लंबर काका आले. यंत्राचं झाकणसुद्धा त्यांनी उघडलं नाही. "ताई, मशीन राहू द्या. मशीनला पाणी कुठून येतंय ते आधी बघू," म्हणाले आणि बाहेर जाऊन ग्रामपंचायतीच्या लाइनचा मुख्य कॉक बंद केला. आत येऊन नळ सोडला. थोडं पाणी येऊन थांबायला हवं होतं. ते थांबेना. धार जोरात चालू, कारण मागून बोअरचा पंप पाणी ढकलत होता. नळाच्या लाइनला दाब नसायचा तेव्हा बोअरचं पाणी त्या टी-जोडातून उलटं तिच्यात शिरायचं. काका म्हणाले, "तुमच्याच नळात नाही, बाहेरच्या लाइनमध्येही गेलं असेल. शेजारच्यांनाही सांगा." ते ऐकून मला जास्त वाईट वाटलं.

बोअर दूषित का, याचं उत्तर आपल्या जमिनीत आहे. इथला खडक बेसॉल्टचा. पाणी त्याच्या भेगांतून वाहतं, आणि भेगा गाळत नाहीत. शोषखड्डा जवळ असला की पावसाळ्यात त्यातलं पाणी थेट बोअरला मिळू शकतं.

काकांनी टी-जोड काढून दोन्ही लाइन वेगळ्या केल्या. यंत्र फक्त नळाच्या लाइनवर घेतलं, आधी कॉक बसवला, दाब आवरणारा व्हॉल्व्ह लावला. यंत्रातून बाहेर पडणाऱ्या खाऱ्या पाण्याची नळी त्या मुलाने थेट सांडपाण्याच्या पाइपात खुपसली होती. ती काढून वर मोकळी सोडली, म्हणजे गटाराचं पाणी तिच्यातून वर चढायला वाव उरत नाही. आता ते पाणी बादलीत जमतं आणि फरशीला जातं. घरगुती आरओत एक लिटरमागे दोन-तीन लिटर पाणी असं बाहेर जातं. ते वाया घालवू नये.

आता परवान्याबद्दल. पुणे महापालिकेत नळजोडाचं काम परवानाधारक प्लंबरकडून करून घ्यायची पद्धत आहे. सूस, म्हाळुंगे 2021 मध्ये महापालिकेत गेली. चांदे-नांदे ग्रामपंचायतीतच आहेत. त्यामुळे कागद बघायची जबाबदारी इथे आपल्यावर येते. महापालिकेचा परवाना किंवा आयटीआयचं प्लंबरचं प्रमाणपत्र सरळ मागा. चांगला कारागीर राग मानत नाही. कंपनीच्या माणसाला यंत्र कळतं, घराचे पाइप कळतातच असं नाही. म्हणून पाइपाचं काम प्लंबरकडून आधी करून घ्या आणि यंत्राचा माणूस नंतर बोलवा. दोघांचे पैसे वेगळे द्यावे लागले तरी द्या, बिल घ्या, आणि काम झाल्यावर एकेक कॉक बंद करून कुठल्या नळाचं पाणी थांबतं ते स्वतः बघा. मोठ्या सोसायट्यांत तर सांडपाणी शुद्ध करून फ्लशला दिलेली तिसरी लाइनही असते. तिथे चुकीचा एक जोड किती महागात पडेल, याचा विचार करा.

यंत्र घ्यायच्या आधी पाणी प्रयोगशाळेत द्या. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळा आहेत, सरकारी आरोग्य प्रयोगशाळाही आहेत. आयएस 10500 या भारतीय मानकात विरघळलेल्या क्षारांची, म्हणजे टीडीएसची, इष्ट मर्यादा लिटरला 500 मिलिग्रॅम आहे. दुसरा स्रोतच नसेल तर 2000 पर्यंत चालतं. टीडीएस 500 च्या आत असेल तर बहुतेक घरांना आरओची गरज नाही, यूव्ही यंत्र पुरतं. मात्र टीडीएसचं मीटर जंतू दाखवत नाही. 100 मिलिलिटर पाण्यात ई. कोलाय अजिबात नसावा असं तेच मानक सांगतं, आणि ते फक्त तपासणीतच कळतं.

जानेवारी 2025 मध्ये सिंहगड रस्त्याकडच्या नांदेड, किरकटवाडी भागात जीबीएसचे (गुलेन बारी सिंड्रोम या मज्जातंतूंच्या आजाराचे) रुग्ण वाढले तेव्हा संशय पाण्यावरच होता. काही रुग्णांच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी हा जिवाणू सापडला, आणि महापालिकेने त्या भागातले खासगी आरओ प्रकल्पही बंद केले. शुद्ध पाणी म्हणून विकलं जाणारं पाणीही तपासावं लागतं, हे तेव्हा सगळ्या पुण्याने पाहिलं.

चांद्यातल्या आणि आसपासच्या सगळ्यांना माझी विनंती आहे: पाऊस सुरू व्हायच्या आत आपल्या ओट्याखाली एकदा वाकून बघा. दोन पाइप एकमेकांना जोडलेले दिसले, तर आजच बोअरच्या लाइनचा कॉक बंद करा आणि परवाना असलेल्या प्लंबरला बोलवा.