संगणकभाषेचे नियम आणि आज्ञावलीकाराचे स्वातंत्र्य

बेळगावनजीकच्या सांबरा गावाला विमान नवे नाही. तेथील धावपट्टी दुसऱ्या महायुद्धाच्या काळातील असून वायुसैनिकांना शिक्षण देणारी हवाई दलाची शाळाही तेथेच आहे. या धावपट्टीवर उतरणाऱ्या आजच्या प्रवासी विमानात वैमानिकाच्या जोडीला संगणकही काम करीत असतात. संगणकाला कामाचा क्रम सांगणाऱ्या लेखास आज्ञावली म्हणतात. ती लिहिणाऱ्यास संगणकाच्या भाषेने किती मोकळीक द्यावी, हा प्रश्न अनेक वर्षे वादाचा ठरला आहे.

तलाठ्याच्या नोंदवहीवरून हा प्रश्न सहज समजेल. एखाद्या रकान्यात चार अंकांचीच घरे आहेत आणि लिहावयाची संख्या पाच अंकी आहे. अशा वेळी लिहिणाऱ्यास अडविता येते, अथवा लिहू देता येते. लिहू दिल्यास पाचवा अंक शेजारच्या खातेदाराच्या रकान्यात शिरतो आणि चूक फार उशिरा उघडकीस येते. डेनिस रिची यांनी १९७२ च्या सुमारास अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत तयार केलेली ‘सी’ भाषा लिहू देणारी आहे. दहा घरांच्या यादीतील अकराव्या घरात लिहिले तरी ती हटकत नाही. यामुळे वेळ वाचतो व यंत्रावर थेट ताबा राहतो. अमेरिकेच्या संरक्षण खात्यासाठी तयार झालेली ‘एडा’ भाषा मात्र प्रत्येक संख्या आपल्या मर्यादेत आहे की नाही हे तपासते.

तरीही ४ जून १९९६ रोजी फ्रेंच गियानातील कुरू येथून उडालेला ‘एरियन ५’ हा युरोपीय अग्निबाण सुमारे ४० सेकंदांत नष्ट झाला. त्याची दिशा ठरविणारी आज्ञावली एडा भाषेतच होती. आडव्या वेगाशी निगडित एक मोठी संख्या, ३२,७६७ पर्यंतच मावणाऱ्या जागेत भरली जात होती. अशा सात संख्या धोक्याच्या आहेत हे जाणकारांनी ओळखले होते. परंतु संगणकावरील भार वाढू नये म्हणून चारच संख्यांना संरक्षण देण्यात आले. जुन्या ‘एरियन ४’ च्या वेगास हा हिशेब पुरेसा होता. नवा अग्निबाण अधिक वेगवान होता. संख्या मावेना, भाषेने चूक पकडली आणि ठरल्याप्रमाणे ते उपकरण बंद पडले. राखीव उपकरणातही तीच आज्ञावली असल्यामुळे ते क्षणभर आधीच बंद पडले होते.

येथे एक गोष्ट विसरून चालणार नाही. नियमाने आपले काम चोख केले. चूक पकडल्यावर पुढे काय करावे याचा विचार मात्र कोणी पुरेसा केला नव्हता. नियम न पाळणाऱ्या भाषेत चुकीची संख्या निमूटपणे पुढे गेली असती आणि कदाचित अग्निबाण वाचलाही असता, कारण उड्डाणानंतर त्या आकडेमोडीचा काही उपयोगच नव्हता. पण अशा योगायोगावर कोणी विमानात बसणार नाही.

२०१५ मध्ये पहिली स्थिर आवृत्ती निघालेल्या ‘रस्ट’ भाषेने वेगळी तडजोड केली आहे. तीत यंत्राच्या स्मृतीविषयीचे नियम कडक आहेत. ते मोडावयाचेच असल्यास तेवढ्या ओळींभोवती ‘असुरक्षित’ या अर्थाचा शब्द लिहून कुंपण घालावे लागते. तपासणाऱ्यास कोठे पाहावे हे त्यामुळे कळते. त्या कुंपणातील मजकूर बरोबर आहे की नाही, हे ठरविण्याचे काम मात्र माणसाकडेच राहते.

एरियनच्या चौकशी मंडळाची पहिली शिफारस भाषा बदलण्याची नव्हती. उड्डाण होताच ती निरुपयोगी आकडेमोड थांबवावी, अशी ती होती.