पिल्लांची हगवण : डोळ्यांनी किती ओळखायचं, तपासणीला कधी पाठवायचं?

मैत्रिणींनो, गटाचं कर्ज काढून डुकरीण घेतली की हप्ता पिल्लांवरच फिटतो. म्हणून उल्हासनगर कॅम्प २ आणि आसपासच्या वराहपालन करणाऱ्या ताईंसाठी हा पाठ.

पिल्लांना रोटा विषाणूनं हगवण लागते, हे जुनंच. आता करोनाच्या कुळातले नवे विषाणूही आलेत. त्यातला ‘पेड’ २०१३ साली अमेरिकेत शिरला आणि वर्षभरात लाखो पिल्लं गेली. ‘डेल्टा करोना’ २०१२ मध्ये हाँगकाँगमध्ये नोंदला गेला. चीनमध्ये २०१६-१७ ला वटवाघळांकडून आलेल्या ‘सॅड्स’नं सुमारे २५ हजार पिल्लं मेली. असे रोग चपलेला, गाडीच्या चाकाला लागलेल्या विष्ठेतूनही पसरतात.

वहीत काय लिहायचं?

१. वय : आठवड्याच्या आतली पिल्लं पटापट दगावतायत का?

२. पसरण : एक-दोन दिवसांत मोठी जनावरंही हगतायत, पिल्लं ओकतायत, तर करोना कुळाचा संशय घ्या. फक्त पिल्लांनाच असेल तर रोटा किंवा जिवाणू असू शकतो.

३. ताप, अंगावर लाल-निळे डाग आणि मोठ्यांचेही अचानक मृत्यू : हा आफ्रिकन स्वाइन फीवर असू शकतो. विक्री, कत्तल थांबवा, लगेच कळवा.

पण नुसत्या रंगावरून विषाणू कळत नाही, सगळ्यांची हगवण सारखीच पिवळी-पातळ दिसते. खात्री होते ती आरटी-पीसीआरनं. कोविडमध्ये आपण नाकातून नमुना दिला, इथे विष्ठेचा द्यायचा.

नमुना कसा द्यायचा?

हगवण लागल्याच्या पहिल्याच दिवशी, औषध देण्याआधी, ताजी विष्ठा स्वच्छ झाकणाच्या डबीत घ्या. डबी बर्फात ठेवा, पण गोठवू नका. १९६२ वर फोन करा किंवा सरकारी पशुवैद्यकीय दवाखाना गाठा. नमुना कुठे पाठवायचा ते डॉक्टर सांगतील. परळचं मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय आपल्या मध्य रेल्वेवरच आहे. पुण्यात औंधला पशुसंवर्धन खात्याची रोगनिदान प्रयोगशाळा आहे.

तोवर काय करायचं?

पिल्लू मरतं ते मुख्यतः अंगातलं पाणी गेल्यानं. थोडं थोडं ओआरएस पाजा, बल्ब लावून ऊब द्या, आईचं दूध तोडू नका. आजारी पिल्लांचं काम शेवटी करा, मग हात-पाय साबणानं धुवा. मनानं अँटिबायोटिक देऊ नका, विषाणूवर ते चालत नाही.

पुढच्या बैठकीत प्रत्येकीनं वही आणावी : किती पिल्लं, किती दिवसांची, हगवण कधी लागली. डॉक्टर आधी हेच विचारतात.